केराची पाटी आणि आमची मंडळी

गेल्या शनिवारी दाराच्या कडीला परत ती पाटी लटकलेली दिसली आणि मला चक्क बरं वाटलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

इथे स्टुटगार्टमध्ये केरवॉखं नावाची एक भानगड असते. शब्दातच केर आहे बघा, आणि अर्थही तोच, केराचा आठवडा. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराची पाळी येते, पाळी आली की पाटी तुमच्या दाराला, मग त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, कठडा पुसायचा, आणि मोठी पाळी असली तर बाहेरचा फुटपाथ, कचऱ्याच्या डब्यांची जागा, हिवाळ्यात बर्फसुद्धा. महापालिकेने सक्ती १९८८ मध्येच काढून टाकली, पण भाड्याच्या करारात ती आहेच आणि शेजाऱ्यांच्या डोक्यात तर कायमचीच. अहो खाली मर्सिडीज उभ्या असतात यांच्या, सगळ्यांनी मिळून एक बाई लावली तर काय बिघडतं? पुण्यात आमच्या सोसायटीत महिन्याला थोडे पैसे दिले की कोण कधी जिना झाडून जातं ते कळायचंही नाही. मी दर पाळीला कुरकुरत, दात-ओठ खात केलंय हे काम, आणि एकदा तर रात्री अकराला केलं, कोणी बघू नये म्हणून. त्याचं कारण पुढे येतं.

फेब्रुवारीत उजव्या बाजूला गाठ निघाली. कॅन्सर. लवकर सापडला, ऑपरेशन झालं, काखेतले लिम्फ नोड काढले, मग १६ वेळा रेडिएशन. हॉस्पिटलात दिवसाला १० युरो सोडून खिशाला काही बसलं नाही, ते एक सुख. नगरहून (अहिल्यानगर म्हणायला जीभ अजून वळत नाही) सगळे म्हणत होते इकडे ये, आपली माणसं आहेत. पण विमा इथला, मुलाची शाळा इथली, नवऱ्याला किती दिवस सुट्टी मिळणार. आणि खरं सांगू का, तिकडे आले असते तर आईसमोर मी कोसळले असते, म्हणून नाही आले. कोणाला राग आला असेल तर असो.

आमच्या नगरच्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, दर शुक्रवारी माझ्यासाठी उपवास-प्रार्थना ठेवली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण एका नातेवाइकांचा फोनही आला, घरात कुठलं पाप राहिलंय का शोध, विश्वासाने मागितलं असतंस तर गाठ विरघळली असती. आठ दिवस झोप नाही मला. मनात नाव घ्यायला गेलं तरी वाटायचं की परीक्षेला बसलेय आणि पेपर कोरा.

तशीच बुधवारी बायबल ग्रुपला गेले. सात-आठ जण असतो आम्ही, चर्चच्या मागच्या खोलीत. सांगितलं की मला प्रार्थना येत नाहीये, जर्मनमध्ये नाही आणि मराठीतही नाही. मला वाटलं आता कोणीतरी वचन वाचून दाखवणार. कोणी काही नाही. केरळच्या चेची (म्हणजे मल्याळममध्ये ताई) आहेत, सत्तरच्या दशकात नर्स म्हणून आलेल्या, खरं तर कॅथलिक पण आमच्यात येऊन बसतात, त्या म्हणाल्या, "तू नको करू. तुझ्या वाटणीची आम्ही करतो." आणि खरंच केली, तीन-साडेतीन महिने. मी नुसती बसायचे, चहा प्यायचे, घरी यायचे. मे महिन्यात एका बुधवारी तोंडातून आपोआप "हे आमच्या स्वर्गातील पित्या" निघालं, मराठीत, अख्खं, आणि एक अक्षर न कळता सगळे आमेनपर्यंत डोळे मिटून थांबले.

रेडिएशनला चेचीच न्यायच्या गाडीतून. वाटेत भांडण ठरलेलं. त्यांचा गुंडर्ट, केरळात गेलेला जर्मन मिशनरी, याच गावात जन्मला, त्याने १८७२ मध्ये मल्याळम शब्दकोश काढला, हे मला रोज ऐकवायच्या. मी म्हणायचे आमचा मोल्सवर्थचा मराठी शब्दकोश १८३१ चा, ४१ वर्षं आधीचा, आणि ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं आम्ही पेटी-तबल्यावर म्हणतो, तुमच्याकडे आहे का असं कोणी? डोकं मशीनपासून लांब राहायचं तेवढं.

तर ती पाटी. ऑपरेशननंतर पंधरा दिवसांत आमच्या दाराला आली. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, ओझं उचलायचं नाही. नवऱ्याने केलं तर खालच्या मजल्यावरून चिठ्ठी, कोपरे राहिलेत. चिठ्ठी वाचून मी जी रडले ते कॅन्सर कळल्यावरही नव्हते रडले. ग्रुपमध्ये हसत हसत सांगितलं फक्त. पुढची पाळी आली त्या शनिवारी सकाळी नऊला बेल. दारात ओमा, म्हणजे ग्रुपमधल्या आजी, ७६ वर्षांच्या, रिटायर्ड शिक्षिका, स्वतःची बादली, स्वतःचा झाडू, ट्राममधून घेऊन आलेल्या. मी नको नको करतेय तर म्हणाल्या, दार लाव, वारा लागेल.

दार लावलं नाही मी. माझी पणजी पाथर्डीकडच्या खेड्यात गावकीची कामं करायची, चावडी झाडायची आणि संध्याकाळी घरोघरी भाकरी मागून आणायची. आजी मिशनच्या शाळेत शिकली, मास्तरीण झाली, आणि आम्हा नातवंडांना एकच सांगायची, आपल्या घरचा केर काढा, दुसऱ्याच्या उंबऱ्याचा काढू नका. रात्री अकराला जिना झाडला तो यामुळे. आणि आता माझ्या उंबऱ्यासमोर एक मास्तरीणबाई गुडघ्यावर बसून फडकं पिळतेय. मी तिला मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये हे सगळं सांगून टाकलं, का कोण जाणे. ती ऐकत होती, हात चालू. मग विचारलं, "पैसे किती मिळायचे?"

"पैसे नाही. भाकरी."

ती थांबली. थोडा वेळ तशीच बसली. मग बादलीतलं पाणी काळं झालं होतं, म्हणाली स्वच्छ पाणी आण, डाव्या हाताने.

माझी पाळी आली की ती यायची. पगारातून आयकराच्या ८ टक्के चर्च टॅक्स कापतात इथे, नवरा दरवर्षी चर्चमधून नाव काढून टाकू म्हणतो, यंदा गप्प आहे.

तर परवा हात नीट वर गेला. पाटी आली, मी ओमाला फोन करून सांगितलं की येऊ नका, मी करते, आणि भर सकाळी दहाला केलं, चारही मजले. तरी आल्याच, बादलीशिवाय, केक घेऊन. चष्मा लावून जिना उतरत गेल्या, दुसऱ्या मजल्यावर थांबल्या आणि वर तोंड करून ओरडल्या, "कोपरा राहिलाय!"