पती, पतीत आणि सासूबाई

गुरुवार, रात्रीचे पावणेअकरा

फ्रेंचच्या वर्गाचा या वेळचा गृहपाठ दहा ओळींचा. घरातल्या एका माणसाचं वर्णन करा. वर्गातल्या बाकीच्यांनी (सगळी पोरं अठरा-एकोणीस वर्षांची) आई, बाबा, धाकटा भाऊ असे घेतले. मी सासूबाईंना घेतलं, कारण तो शब्दच मला भारी आवडला होता. फ्रेंचमध्ये सासू म्हणजे ‘बेल-मेर’. बेल म्हणजे सुंदर, मेर म्हणजे आई. सासरे ‘बो-पेर’, म्हणजे देखणे वडील. सावत्र आईलाही बेल-मेरच म्हणतात हे मादामनी (आमच्या फ्रेंचच्या बाईंनी) नंतर सांगितलं, तेव्हा मजा जरा उतरली. शिवाय नणंद, जाऊ, मेहुणी, वहिनी या चौघींना मिळून एकच ‘बेल-सर’. आमच्याकडे लग्नात कुणाचा मान कुठला यावरून जी रणं माजतात, ती या भाषेत माजवताच येणार नाहीत.

तर संध्याकाळी कुकर लावला, वही ओट्यावर उघडी ठेवली आणि मोठ्यानं वाचायला लागले. आई, म्हणजे सासूबाई, टेबलाशी मेथी निवडत बसल्या होत्या.

‘मा बेल-मेर ए पतीत.’

निवडणारे हात थांबले. ‘कोण पतित?’

आता काय सांगणार! फ्रेंचमध्ये ठेंगणा म्हणजे ‘पती’ आणि ठेंगणी म्हणजे ‘पतीत’. पुल्लिंगी रूपात शेवटचा त लिहितात, पण उच्चारत नाहीत. स्त्रीलिंगात त्याच्यामागे एक ई अक्षर लागतं, ते स्वतः गप्प बसतं आणि त ला मात्र जागं करतं. उंचाचं ग्रां-ग्रांद, जाड्याचं ग्रो-ग्रोस, सगळीकडे हीच तऱ्हा. आपल्याकडे ठेंगणा-ठेंगणी होतं तसंच, असं मी मेथीच्या जुडीसमोर उभं राहून समजावलं. आईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

‘म्हणजे पती बुटका आणि बायको पतित. छान भाषा आहे.’

हॉलमधून ह्यांनी विचारलं, ‘कोण बुटका?’ आम्ही दोघींनीही उत्तर दिलं नाही.

पण मला खुपत होतं ते वेगळंच. ‘एल’ म्हणजे ती. लग्नाला तेवीस वर्षं झाली, आईंना मी एकदाही ‘ती’ म्हटलेलं नाही. समोर तुम्ही, माघारी त्या. फ्रेंचमध्ये समोरच्याला मान द्यायला ‘वू’ आहे, पण माणूस पाठ फिरवून गेला की मान संपला. बाई असेल तर एल, पुरुष असेल तर इल. राष्ट्राध्यक्षही इल आणि पाववालाही इल. गेल्या तासाला मी मादामना विचारलं होतं की आदरार्थी अनेकवचन वापरलं तर चालेल का. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. ‘मग तुम्हाला दोन सासवा आहेत असं होईल.’ म्हणून मग ‘ती’च लिहिलं. लिहिताना हात अडला, खोटं कशाला सांगू.

दुसरी ओळ मी लिहिली होती, ‘एल ए ब्लांश.’ गोरी आहे. आई गोऱ्या आहेत, आणि आपण गोऱ्या आहोत हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. आपल्याकडे वर्णन तिथूनच सुरू होतं. स्थळाच्या माहितीत गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, एवढ्या पायऱ्या. केसांच्या रंगाचा रकानाच नाही, कारण तिथं लिहिणार काय? मादामनी ब्लांशवर काट मारली. तसं म्हटलं की माणूस कुठल्या वंशाचा ते सांगितल्यासारखं होतं. ‘ल तां क्लेर’, म्हणजे वर्ण उजळ, असं म्हणता येतं. पण सुरुवात केसांनी करा, मग डोळे, असं त्या म्हणाल्या.

आणि केसांसाठी यांच्याकडे शब्दांचा काय थाट आहे! ब्लों (सोनेरी), ब्रं (गडद), रू (तांबूस), शातां (तपकिरी). ‘एल ए ब्र्यून’ म्हणजे तिचे केस गडद आहेत, कातडीशी काही संबंध नाही. मी पहिल्या महिन्यात स्वतःची ओळख करून देताना सावळी या अर्थानं ब्र्यून म्हणाले होते. उत्तर बरोबर धरलं गेलं. माझ्या डोक्यात वेगळंच होतं हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, फक्त या वहीला.

याच धड्याला आम्ही ‘की ए-स?’ (कोण आहे?) हा खेळ खेळलो. चोवीस चेहऱ्यांचा पट, समोरच्यानं कुठला चेहरा धरलाय ते प्रश्न विचारत ओळखायचं. केस ब्लों आहेत का म्हटलं की चेहरे पटापट पडतात. मग मादाम म्हणाल्या, आता वर्गातलीच माणसं धरा. पहिल्या पोरानं सवयीनं केसांचं विचारलं. चौदाच्या चौदा काळे (माझे मेंदी लावून). एकही कमी झाला नाही. शेवटी चष्मा, मिशी, कुरळेपणा यावर गाडी आली.

डोळ्यांवर मात्र आईंनी बाजी मारली. त्या घाऱ्या आहेत. माझ्या काळ्याभोर डोळ्यांना मादामनी ‘मारों’मध्ये ढकललं, म्हणजे तपकिरी, रोजच्या बोलण्यात तेच म्हणतात. घाऱ्यांसाठी शब्द मिळाला ‘नुआझेत’. मारों म्हणजे चेस्टनट, नुआझेत म्हणजे चॉकलेटात असतं ते हेझलनट. दोन्ही मुळात फळांची नावं, म्हणून डोळे दोन असले तरी अनेकवचनाचा एस लागत नाही. आपलं बदामी नाही का, रंग बदामी, साडी बदामी, परकर बदामी.

अशी एखादी गोष्ट अचानक घरची निघाली की फार बरं वाटतं. ‘पेर्सॉन’ हा शब्द पुरुषाबद्दल असला तरी स्त्रीलिंगी, यावर वर्गात केवढी कुजबुज! मी मनात म्हटलं, आपली व्यक्ती तरी कुठं वेगळी आहे? आणि ‘ऑम ग्रां’ म्हणजे उंच माणूस, पण विशेषण पुढे आलं की ‘ग्रां तॉम’, थोर माणूस. फ्रान्सचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष द गोल १ मीटर ९६ सेंटिमीटर उंच होते, त्यांच्यासाठी ते कुठंही ठेवा.

महिन्यावर डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची ए-१, म्हणजे सुरुवातीची पातळी आली. चार भाग, प्रत्येकी २५ गुण, ५० ला पास, पण एकाही भागात ५ च्या खाली जायचं नाही. ओळखीच्या माणसांबद्दल साध्या वाक्यांत सांगता यावं, एवढीच या पातळीची अपेक्षा आहे म्हणे. एवढीच!

जेवणं झाल्यावर आईंनी स्वतःहून वही मागितली. ‘वाच सगळं. मराठीतून.’

वाचलं. केस पांढरे आहेत, अंबाडा घालते (ती, काय करणार), डोळे नुआझेत, चष्मा लावते, हुशार आहे. म्हातारीसाठी ‘व्हिएय’ शब्द होता, तो मी टाळला आणि ‘आझे’ लिहिलं, त्याला वयस्करचा वास आहे. मग वय. ‘एल आ स्वासांत-दिझ-नव्ह आं.’

‘किती मोठं वाक्य ते?’

‘साठ-दहा-नऊ. एकोणऐंशी. ते लोक वय आहे असं म्हणत नाहीत, वर्षं जवळ आहेत म्हणतात. तिच्याकडे एकोणऐंशी वर्षं आहेत.’

‘आहेतच,’ आई म्हणाल्या. ‘ते राहू दे. पतित तेवढं खोड.’

खोडलं. त्याच्या जागी ‘एल ने पा ग्रांद’ लिहिलं, ती उंच नाही. आईंनी ते दोनदा म्हणून पाहिलं, ग्रांदवर जरा जोर देऊन, आणि दिवा घालवायला सांगितला.