मागच्या सीटवरचं बटण

आमची मिनीव्हॅन सेकंडहँड आहे, मोठा स्क्रीन वगैरे काही नाही, सीडी प्लेअर मात्र ठणठणीत. आई-बाबा पुण्याहून यायच्या जरा आधी मागचे स्पीकर मधेच बंद पडायला लागले, कधी चालू कधी बंद. नवऱ्याने फेडर (आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये वाटणारं सेटिंग) मागेपुढे करून पाहिला, फ्यूज बघितला आणि "कुठेतरी वायर लूज आहे, आता बसला फटका" असं जाहीर करून टाकलं.

मग मी मॅन्युअल काढलं (आमच्याकडे ते काम माझंच). पुढच्या कन्सोलच्या पाठीला, मधल्या सीटवाल्यांसाठी एक छोटं पॅनल आहे, त्यावरचं पॉवरचं बटण दाबलं की मागचे स्पीकर आपोआप म्यूट होतात, पुढचे चालूच राहतात आणि मागच्यांनी हेडफोन लावून आपलं आपलं ऐकायचं. आणि आमच्या साडेचार वर्षांच्या चिरंजिवांच्या बुटाचं टोक बरोब्बर तिथे पोचतं. वायर कसली लूज अन् काय.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून, म्हणजे आमच्या घरून, नायगाराला निघालो तेव्हा म्हटलं आता हे बाबांना वापरायला देऊ. तर हेडफोनपासून गाडी अडली, कारण त्याला वायरवाला, ३.५ एमएमच्या पिनेचा हेडफोन लागतो आणि आमच्या घरात सगळेच ब्लूटूथवाले. बाबांनी खुशीत पिशवीतून विमानातला काढला, त्याला दोन पिना! शेवटी वाटेत एका दुकानातून दोन साधे घेतले.

स्क्रँटन मागे टाकून आय-८१ हायवेला लागलो तरी बाबा बाण दाबतायत, स्टेशन काही बदलेना. "अगं, हे बिघडलंय." बिघडलं नव्हतं, पुढे आम्ही रेडिओच लावला होता, आणि पुढे जे चालू असेल ते मागून बदलता येत नाही, मागच्यांनी ऐकायचं तेवढं. कार कंपनीने घरातली खरी परिस्थिती ओळखून हे बनवलंय असं आईचं मत पडलं. मग बाबांनी सोर्सचं बटण दाबून सीडी लावली, भीमसेन जोशींचे अभंग, आणि समोर नवऱ्याची ट्रॅफिकची बातमी. न्यूयॉर्क राज्यात तसंही गाडी चालवणाऱ्याला दोन्ही कानांत इअरफोन घालायला बंदी आहे, म्हणजे स्पीकर त्याचा हे ठीकच.

फक्त एक लोचा झाला, हेडफोन लावलेल्या माणसाला आपण ओरडतोय हे कळत नाही. "पुढे चहा मिळेल का गं?" हे बाबांनी असं विचारलं की नवरा लेनमध्येच दचकला. आई म्हणे, "अहो, बहिरे आम्ही नाही झालो!" बाबांना अर्थातच ऐकू आलं नाही, ते मांडीवर ताल धरून बसलेले.

पॅनलला दोन जॅक आहेत, दोघांचा आवाज वेगवेगळा ठेवता येतो, म्हणून नातवानेही हट्टाने दुसरा लावून घेतला आणि विठ्ठल विठ्ठल करत दहा मिनिटांत झोपला.

सिराक्यूजच्या अलीकडे रेस्ट एरियात थांबलो, तर बाबा कानाला वायर तशीच ठेवून उतरायला गेले, टप्पकन पिन निघाली, हेडफोन खांद्यावर. परत निघाल्यावर आईसाठी जुनी गाणी लावली. मागे शुकशुकाट. नवरा आरशात बघत म्हणाला, "बघ, मी म्हटलं होतं ना वायर लूज आहे."