उद्या कोणता नग येणार?

आज हिंगणा एमआयडीसीतील एका छोट्या जॉबवर्क कारखान्यात लीन उत्पादनपद्धतीचे, म्हणजे वाया जाणारा वेळ आणि श्रम कमी करण्याच्या टोयोटाच्या पद्धतीचे, प्रशिक्षण दिले. तेथे महिन्याला शंभराहून अधिक प्रकारचे भाग बनतात, पण एका ऑर्डरमध्ये पाच-सातच नग असतात. मी फळ्यावर टाक्ट टाइमचे, म्हणजे मागणीनुसार किती वेळाच्या ठोक्याने एकेक नग तयार व्हायला हवा याचे, गणित मांडले, तेव्हा लेथवर उभी हयात घालवलेले एक ज्येष्ठ कारागीर म्हणाले, "सर, उद्या कोणता नग येणार हेच आज माहीत नसतं, मग हा ठोका कशाचा धरायचा?" प्रश्न रास्त होता. मोटारींच्या जुळणीचे उदाहरण मी जसेच्या तसे तेथे नेले होते. वास्तविक टोयोटाची पद्धत युद्धोत्तर जपानमध्ये कमी संख्येत अनेक प्रकारच्या गाड्या बनवण्याच्या गरजेतूनच वाढली.

दुपारी फळा पुसून नव्याने सुरुवात केली. प्रत्येक भागासाठी वेगळे कानबान कार्ड (पुढच्या टप्प्याला माल हवा असल्याचे मागच्या टप्प्याला कळवणारे कार्ड) ठेवण्याऐवजी, एका वेळी एकूण किती कामे शॉपफ्लोअरवर सोडायची यावरच मर्यादा घालण्याचे ठरवले. रांगांच्या गणितातील लिटलच्या नियमानुसार ४० कामे अडकलेली असतील आणि दिवसाला ४ पूर्ण होत असतील, तर एका कामाला सरासरी १० दिवस लागतात. ही साधी भागाकाराची गोष्ट सर्वांना लगेच पटली. नग थोडे असले की सेटिंगचा, म्हणजे पुढच्या भागासाठी मशीन जुळवण्याचा, वेळ सर्वांत महाग पडतो. म्हणून जपानी उत्पादन अभियंते शिगेओ शिंगो यांनी सांगितल्याप्रमाणे, मशीन चालू असतानाच पुढच्या कामाची कोणती तयारी करता येईल, याची यादी त्या कारागिरांनीच लिहून काढली. उद्या सकाळी त्यांच्याच लेथवर ती आजमावणार आहोत.