मैनेची चरबी : वीस आठवड्यांची नोंदवही

मैना म्हणजे माझी अकरा वर्षांची कुमेत घोडी. बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, "काय तब्येत ठेवली आहेस हिची!" आणि मी फुगायचो. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून आवळायचा पट्टा, मात्र दर दोन-तीन महिन्यांनी एकेक भोक सैल करावा लागत होता. चामडं आटलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

आठवडा ०

खरारा करता करता सहज डोळे मिटून अंगावर हात फिरवला, तर बरगड्या सापडेनात. बोटं दाबल्यावर कुठेतरी खोल लागल्या. त्या दिवशी हेनेके स्कोअर, म्हणजे घोड्याच्या अंगावरच्या चरबीचा अंक, नीट, वही घेऊन काढला. ही १ ते ९ ची मोजपट्टी डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठात मांडली. १ म्हणजे नुसता सापळा, ९ म्हणजे अंगभर चरबीचे थर. पाहायच्या जागा सहा: मानेचा वरचा काठ, मान संपते तिथला पाठीवरचा उंचवटा, खांद्याच्या मागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ.

नुसतं बघून मी आधीच ६ लिहून ठेवले होते. हाताने चाचपल्यावर ओळीने ८, ७, ८, ७, ७, ८ आले. सरासरी ७.५. डोळ्याला दिसलेली घोडी आणि हाताला लागलेली घोडी यांत दीड अंकाचं अंतर! अंगावरचे केस दाट असतील तर ते आणखी वाढतं.

बरगड्यांसाठी मला जमलेली युक्ती सांगतो. मूठ आवळून तिच्या टेंगळांवरून बोट फिरवा, तसं लागलं तर जनावर रोड. पंजा उघडा ठेवून त्याच्या मागच्या बाजूवरून फिरवा, हाडं लागतात पण टोचत नाहीत, तसं हवं. तळहातासारखं मऊ लागलं तर वैरणीचा हिशोब काढायला बसा. मैना तळहात होती.

फितीने वजनही काढलं. छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १८६, लांबी १६०, म्हणजे ४६६ किलो. हा अंदाजच असतो, पण तोच माणूस त्याच पद्धतीने मोजत राहिला तर चढउतार कळतो. पोटाचा सगळ्यात मोठा घेरही लिहून ठेवला: २१४. पोट त्या सहा जागांत नाही आणि ते बरोबरच आहे, कारण निकृष्ट वैरणीने पोट सुटलेला घोडा वरून हाडंहाडं असू शकतो. तरी मोजलं. पुढे उपयोगी पडलं.

आठवडा १

डॉक्टर येऊन गेले. खुरं गरम आहेत का, पायाच्या नाडीचे ठोके जोरात लागतात का, हे आधी पाहिलं. मानेवर अशी चरबी असलेल्या घोड्यात इन्सुलिनचा घोळ असू शकतो आणि त्यातून लॅमिनायटिस (खुरांच्या आतली दुखरी सूज) होतो, म्हणून रक्तही घेतलं. इन्सुलिन किंचित वाढलेलं निघालं. खुरं ठीक. मार्ग एकच: चरबी उतरवायची, पण सावकाश.

उपाशी ठेवून उतरवायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. लठ्ठ घोडीचा चारा एकदम तोडला तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृतावर बेतू शकतं. तट्टं आणि गाढवं यांना हा धोका सगळ्यात जास्त.

मग पहिल्यांदाच वैरण काट्याला लावली. मी "दोन जाळ्या" म्हणत होतो, त्या भरल्या साडेअकरा किलो! वर दोन किलो चंदी (दाण्याचा खुराक), तीही आठवड्यातून तीनदा हलकी रपेट करणाऱ्या घोडीला. चंदी लाडापोटी चालली होती, दुसरं कारण नाही.

नवा हिशोब असा. वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा म्हणजे ४६६ वर सात किलो. वाळल्या गवतातही थोडं पाणी असतंच, म्हणून प्रत्यक्षात आठ किलो. चंदी बंद, तिच्याऐवजी मूठभर जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण आणि मिठाचा खडा. हा सगळा बदल दहा दिवसांत थोडाथोडा करत नेला.

आठवडा २

इथे चुकलो. आठ किलोचे दोनच वाटे केले. रात्रीचा वाटा दोन तासांत फस्त, आणि सकाळी तबेल्याची लाकडी दांडी कुरतडलेली. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं असो वा नसो. तासन् तास रिकामं पोट म्हणजे अल्सरला आमंत्रण, आणि पोटशूळही. आता चार वाटे आहेत, बारीक भोकांच्या जाळीत. रात्रीच्या वाट्याला एकावर एक दोन जाळ्या. पहिले दोन दिवस मैनेने माझ्याकडे असं काही पाहिलं की विचारू नका. मग जमलं तिला. दांडी वाचली.

गवत तासभर पाण्यात भिजवून देतो, त्याने थोडी साखर निघून जाते. किती निघते याचा काही नेम नाही, त्यामुळे त्या भरवशावर वाटा वाढवत नाही. ते पाणी ओतून द्यायचं. उन्हाळी हवेत गवत फार वेळ भिजत ठेवलं तर आंबतं.

आठवडा ४

स्कोअर ७.५. जसाच्या तसा! वही भिरकावणार होतो. पण पोटाचा घेर २१४ वरून २०७ आणि छातीचा १८४ झाला होता, म्हणजे वजन ४५६. पोट उतरलं त्यात आतड्यातला कमी झालेला चाराही धरायला हवा, पण तंग एक भोक आत आला होता. अंगावरची चरबी हाताला कमी लागायला वेळ लागतो, फितीला आधी कळतं. पहिल्या महिन्यात नुसत्या स्कोअरवर विसंबलेला माणूस हमखास घाबरतो, आणि घाबरून एक तर चारा आणखी तोडतो किंवा नाद सोडतो.

आठवडा ९

आदल्या आठवड्यापेक्षा छातीचा घेर एकदम दोन सेंटीमीटर जास्त. दोन सेंटीमीटर म्हणजे दहा किलो. चंदीची पेटी कोणी उघडली का, इथपर्यंत चौकशी केली. चूक माझीच निघाली, फीत तिरकी बसली होती आणि मैनेने श्वास आत घेतला होता. आता नियम असा: रविवारी सकाळी, चाऱ्याच्या आधी, फीत कोपराच्या लगेच मागून सरळ वर, श्वास सोडल्यावर वाचायचं. तीनदा मोजून सरासरी.

आठवडा १२

घेर १८०, वजन ४३६, स्कोअर ६.५. रपेट आठवड्यातून पाच दिवस, त्यात दुडकी वीस-पंचवीस मिनिटं. खुरं धड होती म्हणून हे करता आलं. लॅमिनायटिस झालेल्या घोड्याला पळवून बारीक करायचा विचारही नको.

एका मित्राला बोलावून माझे आकडे न सांगता स्कोअर काढायला लावला. तो म्हणाला सहा. तासभर वाद. तो पाठीवरच्या उंचवट्याकडे बघत होता, मी शेपटीच्या मुळाकडे. शेवटी कळलं की त्याला जिथे चरबी उतरलेली दिसत होती, ती जागा मुळात स्नायू नसल्याने खोलगट होती. हेनेकेची पट्टी चरबी मोजते, स्नायू नाही. स्नायूंचा वेगळा रकाना आता वहीत केला आहे.

त्याचा स्वतःचा घोडा उलट बाजूचा, म्हातारा, स्कोअर ३. तो चंदीवर चंदी ओतत होता. मी म्हटलं, "अरे, आधी दात दाखव." मागच्या दाढेला धार आली होती आणि अर्धवट चावलेल्या गवताच्या गोळ्या तोंडातून पडत होत्या. दात घासून घेतले, शेणाची तपासणी करून जंताचं औषध दिलं आणि हवं तेवढं मऊ गवत पुढे ठेवलं. तो आता ४ वर आहे.

आठवडा २०

घेर १७७, वजन ४२२. वीस आठवड्यांत ४४ किलो. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरावं असं ठरलं होतं, मी खालच्या टोकाला राहिलो. चालेल.

सहा जागांचे अंक: ७, ५, ५, ५, ५, ६. सरासरी ५.५. बरगड्या पंजाच्या मागच्या बाजूसारख्या लागतात.

मान मात्र हटून बसली आहे. तिच्यासाठी ० ते ५ अशी वेगळी पट्टी २००९ पासून आहे. मैना ४ वर होती, म्हणजे मानेचा काठ एका मुठीत मावत नव्हता की वाकत नव्हता. आता ३, मुठीत येतो पण अजून टणक. सरासरी ५.५ बघून मी निर्धास्त झालो असतो तर हे निसटलं असतं. इन्सुलिनची तपासणी पुढच्या आठवड्यात पुन्हा आहे. तोवर गवत आठ किलोच, आणि तंगाला मोच्याकडून एक नवं भोक पाडून आणायचंय, आतल्या बाजूला.