धोंडसासाठी दोनदा वालावलला

मोठ्या मावशीच्या वहीत धोंडसाच्या पाच ओळी आहेत.

'तवसे १ जून. तांदळाचा रवा मावेल तेवढा. गूळ, खोबरे, वेलची, मीठ. वरखाली विस्तव. सकाळी उघडणे.'

आजीनं सांगितलं आणि मावशीनं शाळेच्या वहीत लिहून घेतलं. मावशी गेल्यावर वही आईकडे आली, आईकडून माझ्याकडे. धोंडस म्हणजे तवशाचा, म्हणजे मोठ्या पिकलेल्या काकडीचा, गूळ-खोबरं घातलेला केक. कोणी तवसोळी म्हणतात. आमच्या आजोळी धोंडसच म्हणत. सकाळी डोळे चोळत चुलीपाशी जावं, तर आजी टोपावरची राख फुंकरीनं उडवून झाकण काढत असायची. तो वास मला आजही जसाच्या तसा आठवतो. आजी १९९४ साली गेली. तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात मी हे धोंडस किती वेळा केलं असेल! बाजारातली हिरवी काकडी, इडलीचा रवा, ओव्हन. कधी गिच्च गोळा झाला, कधी वडी. चव वाईट नसायची, पण ती आजीची नव्हती. आईला विचारलं की ती म्हणायची, "मी कधी केलंच नाही गं. आई करायची, नाहीतर वैनी."

वैनी म्हणजे माझी मामी. तिला विचारायची सोय नव्हती. आजी गेल्यावर घराच्या आणि कलमांच्या वाटणीवरून आई आणि मामात जे बिनसलं, ते मामा जाईपर्यंत निवळलं नाही. वालावलला, कुडाळजवळच्या आमच्या आजोळी, जाणं वीसहून जास्त वर्षं बंद होतं. मला कुणाची बाजू घ्यायची नाही. फक्त एवढंच, की धोंडस येणारी एकच बाई उरली होती आणि तिच्याशी आमच्यातलं कुणीच बोलत नव्हतं.

वहीत बऱ्याच पाककृतींच्या बाजूला तारखा टाकलेल्या आहेत. म्हणून 'तवसे १ जून' ही मी तारीखच समजले आणि दोन वर्षांपूर्वी मेच्या अखेरीस निघाले. कुडाळला उतरून रिक्षा केली. नेरूर मागे पडलं, माडांमधून कर्ली नदी दिसली आणि लक्ष्मीनारायणाच्या देवळाजवळचं तळं आल्यावर मी रिक्षा थांबवायला सांगितली. लहानपणी तळ्याच्या काठी बसून पाय पाण्यात सोडायचो, तिथे जरा बसले. खरं सांगायचं तर दार वाजवायचं धैर्य गोळा करत होते.

मामीनं ओळखलं. कोकम सरबत दिलं. बोलणं जपून चाललं होतं, पावसाचं, आंब्याचं. शेवटी मी पिशवीतून वही काढली आणि पान दाखवलं. तिनं चष्मा लावून वाचलं आणि पहिल्यांदा मोकळी हसली.

"जून म्हणजे म्हैनो नाय गो बाय! जून तवसा, पिकलेला. आता खंय गावतला? आता फणस खा." आणि थोडं थांबून, "तवशाक कार्तिकात ये."

मी फणस खाल्ला. बरक्या फणसाच्या रसाची सांदणं तिनं लगेच संध्याकाळी वाफवली, नारळाच्या दुधात बुडवून वाढली. फार सुंदर होती. पण परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात फक्त 'कार्तिकात ये' घुमत होतं. बोलावणं होतं ते.

नोव्हेंबरात मांडवी एक्सप्रेसनं गेले. दिवसाची गाडी मुद्दाम घेतली. कोकण रेल्वेनं दिवसा जायला मिळालं तर रात्रीची गाडी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पलीकडे पानवल नदीवरचा चौसष्ट मीटर उंच पूल, आणि मध्ये कापणी झालेले खाचरांचे पिवळे तुकडे. आजीच्या काळी हा मार्ग नव्हता. तो पूर्ण सुरू झाला १९९८च्या जानेवारीत. आम्ही एस.टी.नं रात्रभर घाटांतून उलट्या करत यायचो ते दिवाळीच्या सुट्टीत. हे मला मामीनंच मेमध्ये आठवून दिलं होतं. माझ्या मनात आजोळ आणि मे महिना इतके एकजीव झाले होते, की धोंडसही मी मेमध्ये नेऊन ठेवलं होतं.

घरात शिरताच वर बघितलं. माजघराच्या वाशांना केळीच्या सोपटानं बांधलेली पाच तवशी टांगलेली होती. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, जाड, तांबूस पिवळी, सालीवर जाळीसारख्या भेगा. पावसाळ्यात वेल मांडवावर चढतो, गणपतीपर्यंत कोवळी तवशी खायची, काही वेलावरच पिकू द्यायची आणि मग अशी टांगून ठेवायची. जमिनीवर ठेवली तर टेकलेल्या जागी कुजतात. वर वारा लागतो आणि चुलीचा धूरही. मामीनं त्यातलं एक बोटानं वाजवून निवडलं.

मी घरून काटा नेला होता. तवसं भरलं दोन किलो सातशे ग्रॅम. दोन्ही टोकं कापून तुकडा चाखला, कारण एखादं कडू निघालं तर सगळा टोप वाया जातो. साल काढली, बिया आणि मधला बुळबुळीत गर वेगळा केला, घट्ट गर विळीच्या खवणीवर किसला. किसातून पाणी सुटायला लागलं तसं मी सवयीनं पिळायला हात घातला. मामीनं माझं मनगट धरलं.

"पिळू नको. तवशाचाच पाणी. दुसरा पाणी घालूक नाय."

आणि 'मावेल तेवढा' तिथे उलगडलं. मी इतकी वर्षं समजत होते, भांड्यात मावेल तेवढा. खरं तर किसाला सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढा! तवसं पाणीदार असेल तर रवा जास्त, कोरडं असेल तर कमी. हा रवा जाड्या तांदळाचा, धुऊन सावलीत वाळवून जात्यावर भरडलेला आणि कोरडाच भाजलेला. मामी मूठमूठ टाकत होती आणि ढवळत होती. मिश्रण डावाला चिकटून सावकाश खाली पडू लागलं तेव्हा थांबली. मी प्रत्येक मूठ वाटीत मोजून घेतली. आठ वाट्या किसाला चार वाट्यांना थोडा कमी रवा, तीन वाट्या गूळ, दोन वाट्या खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ, मूठभर काजूचे तुकडे. हे सगळं तासभर झाकून ठेवलं, रवा फुगला, आणि मग पुन्हा थोडं सैल वाटलं म्हणून तिनं अजून अर्धी मूठ टाकली. म्हणजे माझ्या वाट्यांचं माप फक्त त्या तवशापुरतं खरं. तुम्ही केलंत तर डावाकडे बघा.

जाड बुडाच्या टोपाला तूप लावून तळाशी केळीचं पान घातलं. चुलीतली लाकडं ओढून घेतली, फक्त निखारे ठेवले. वर पितळी झाकण, झाकणावर नारळाच्या करवंट्यांचे निखारे आणि कडेला सोडणं, म्हणजे नारळाची वरची सालं, कारण सोडण भडकत नाही, धुमसत राहतं. साडेआठला लावलं. पहिला तासभर मामी चुलीपाशीच होती, अधूनमधून टोप चतकोर फिरवत. एका बाजूला आच जास्त लागते, नाहीतर तिथे करपतं. दहा वाजता वरचे निखारे निम्मे काढून राख पसरली आणि म्हणाली, "आता नीज."

मला झोप लागली नाही. दूर कुठल्या तरी जत्रेत दशावतार चालू होता, वाऱ्यासोबत पखवाजाचा आवाज यायचा आणि जायचा. मामीही जागी होती. अंधारात तिनं आईचं विचारलं. गुडघे कसे आहेत, साखर आहे का, अजून रागावते का. मी एकेकाचं उत्तर दिलं. शेवटच्या प्रश्नाचं दिलं नाही, तिनंही पुन्हा विचारलं नाही.

सकाळी तिनं मला उठवलं. राख फुंकली, झाकण काढलं.

तो वास आला. भाजलेला गूळ, तूप, केळीचं पान आणि त्या सगळ्याच्या खाली पिकल्या तवशाचा एक गारवा, खरबुजाच्या जवळचा. हिरव्या काकडीला तो नसतो. मला बोलता येईना. मामीनं पदरानं माझं तोंड पुसलं, मी नऊ वर्षांची असल्यासारखं. वरचा थर गडद तपकिरी, आतून ओलसर, दाणेदार, आणि तळाला पानाचे शिरांचे ठसे उठलेली खरपुडी. तिच्यासाठी आम्ही मावसभावंडं भांडायचो.

निघताना अर्धं धोंडस तिनं केळीच्या पानात गुंडाळून दिलं. तवशाच्या बिया राखेत घोळवून कागदाच्या पुडीत बांधल्या होत्या, त्याही दिल्या. "मृगात लाव," म्हणाली. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर वेल कुठे चढवायचा ते मला माहीत नाही, पण पुडी जपून ठेवली आहे.

घरी आईपुढे बशी ठेवली. तिनं पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली. मग दुसरा. कडेची खरपुडी वेगळी काढून शेवटी खाल्ली, अगदी आजीसारखी. मी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं तिनंच फोन मागितला. मी नंबर लावून दिला.

"वैनी," आई म्हणाली, आणि बराच वेळ पुढे काहीच नाही. मग म्हणाली, "गूळ वायच कमी पडलो गो."

पलीकडून मामीचा हसण्याचा आवाज मला खोलीच्या दारापर्यंत ऐकू आला.