दुखण्याचा आकडा दोन

बर्न्स वॉर्डात जो पेशंट ओरडत नाही, तो सगळ्यांचा लाडका. सत्तरीतला हा माणूस तसा होता. काजूच्या हंगामात हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, भट्टीवर काम करताना भाण (रस उकळायचं भांडं) आणि नळी यांच्या सांध्यातून दारूची वाफ सुटली आणि चुलीच्या जाळाने पेटली. उजवा हात संपूर्ण, छाती, मानेची पुढची बाजू. नऊच्या नियमाने, म्हणजे शरीराचे नऊ-नऊ टक्क्यांचे भाग धरून मोजलं तर 20 टक्क्यांच्या आसपास. घरच्यांनी त्यावर टूथपेस्ट फासली होती. शिकलेल्या घरांतूनही पेशंट टूथपेस्ट फासूनच येतात. वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, एवढं सांगून सांगून आमचे घसे बसले.

मी फिजिओथेरपिस्ट. लोकांना वाटतं, आमचं काम जखम भरल्यावर सुरू होतं. पोळलेल्या माणसाच्या बाबतीत ते पहिल्या दिवसापासून सुरू होतं, कारण त्याला ज्या स्थितीत बरं वाटतं, नेमक्या त्याच स्थितीत तो आखडतो. काख पोळलेला माणूस हात अंगाशी घट्ट धरून ठेवतो. मान पोळलेल्याला उशी हवी असते. आणि आम्ही उशी काढून घेतो, हात अंगापासून 90 अंशांत लांब बांधतो. त्याच्या काखेसाठी मी एरोप्लेन स्प्लिंट, म्हणजे हात विमानाच्या पंखासारखा लांब धरून ठेवणारा आधार, केला होता. आधी वर्तमानपत्रावर नमुना कापला, मग थर्माप्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ केली आणि पाणी टिपून, हाताला चटका बसत नाही ना ते पाहून त्याच्या अंगावरच वळवली. कडा बाहेर दुमडल्या, कोपराच्या हाडाखाली पॅडिंग घातलं. सांगायला हरकत नाही, स्प्लिंट झकास बसला होता. रात्री त्याच्या बहिणीला कीव येई, ती तो काढून ठेवी आणि मानेखाली चादरीची गुंडाळी सरकवी. सकाळी पुन्हा पहिल्यापासून. बहिणीवर चिडावं तरी कसं?

दुखण्याविषयी थोडं. खोल पोळलेल्या भागात मज्जातंतूंची टोकंच जळालेली असतात, तिथे फारसं कळत नाही. जिवावर येतं ते दुसऱ्या दर्जाचं भाजणं. आणि ग्राफ्टसाठी, म्हणजे जखमेवर कातडी लावण्यासाठी, मांडीवरून जिथली कातडी काढतात ती जागा. तिथे मुळात काही झालेलंच नव्हतं, म्हणून पेशंटला त्याचा राग जास्त येतो. दिवसभर ठसठसत राहणारं दुखणं वेगळं, मध्येच उसळणारं वेगळं आणि ड्रेसिंगचं, व्यायामाचं वेगळं. औषध लिहिताना या तिन्हींचा विचार वेगवेगळा करावा लागतो. तो होतोच असं नाही. व्यायामाआधी पाऊण तास गोळी पोटात जायला हवी, हे पटवण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

त्या दिवशी गोळी वेळेवर गेली होती. मी आकडा विचारला, शून्य ते दहात किती दुखतंय. "दोन," तो म्हणाला. तो नेहमी दोनच म्हणायचा. मी अजून त्याला हातही लावला नव्हता, पण मॉनिटरवर नाडी 130 च्या पुढे गेली. न भाजलेल्या कपाळावर घामाचे थेंब, खालचा ओठ दातांखाली. इंटर्न म्हणाला, मॅडम, डोस वाढवायला सांगू का? फाइलमध्ये आधीही दोनदा वाढवलेला दिसत होता.

तेव्हा बेडपॅन न्यायला आलेली वॉर्डातली मावशी जाता जाता म्हणाली, "बाय, तुमी हात चोळले काय तो अशेंच करता."

आम्ही हात चोळतो ते हँडरबने. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी बाटली टांगलेली असते. डॉक्टर, नर्स, मी, इंटर्न, जो कोणी त्याच्याजवळ येई तो आधी तळव्यावर अल्कोहोल ओतून चोळत येई. तो वास नाकात जाऊन त्या माणसाला कुठे नेत असेल, हे सांगायला मानसोपचारतज्ज्ञ कशाला हवा?

मी बाहेर जाऊन सिंकवर साबणाने हात धुतले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत साबण-पाणीही चालतं, फक्त हँडरबला 20 ते 30 सेकंद लागतात आणि साबणाला 40 ते 60. कोरडे हात घेऊन आत आले, बाटली लांब ठेवायला लावली. नाडी हळूहळू शंभराच्या खाली आली. मग काख उघडायला घेतली. कातडी ताणली तशी त्याने डोळे घट्ट मिटले आणि आमच्या वॉर्डात पहिल्यांदाच "आवय गे" म्हणून ओरडला. आकडा विचारला, तर सात. हात मात्र आदल्या दिवसापेक्षा बराच वर गेला.

दोनचे सात झाले म्हणून इंटर्न गोंधळला. मला ते सात खरं वाटलं. आधीचं दोन म्हणजे काय होतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. भीतीने गोठलेल्या माणसाला दुखतं का विचारलं, तर तो काय मोजून सांगणार? आणि वाढवलेला डोस नक्की कशावर गेला?

मानसोपचाराचा रेफरन्स आधीच झाला होता. उत्तर आलेलं: पेशंट कोऑपरेटिव्ह, झोप ठीक. झोप ठीक, कारण रात्रपाळीच्या नोंदीत "शांत" लिहिलेलं असतं. डोळे मिटून पडलेला माणूस म्हणजे शांत माणूस. त्या दुपारी त्यानेच सांगितलं की डोळे मिटले की सांध्यातून येणारा तो फुस्स आवाज ऐकू येतो, म्हणून तो भिंतीकडे तोंड करून जागाच असतो.

पणजीला जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियांचा पुतळा आहे, संमोहन करतानाचा. 1756 साली कांदोळीला जन्मलेला हा माणूस सूचनेच्या शक्तीबद्दल बोलत होता. वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन यांनी पोळलेल्या रुग्णांवर ड्रेसिंगच्या वेळी संमोहन वापरलं आणि हंटर हॉफमन यांच्यासोबत बर्फाच्या दरीत फिरवणारा व्हीआरचा (डोळ्यांवर चष्मा लावून पाहायच्या आभासी जगाचा) खेळही आणला. लक्ष दुसरीकडे गेलं की दुखणं उतरतं, हे आम्ही मोबाइलवर भजन लावून रोज पाहतो. पण डोळ्यांना बर्फ दाखवता येतं, कानांना भजन ऐकवता येतं. नाकाला काय देणार?

आता तो घरी आहे. प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रणांवर दाब देणारा घट्ट कपडा, दिवसाचे 23 तास, वर्षभर तरी. पावसाळी उकाड्यात ते घालून बघा म्हणजे कळेल. खाज इतकी की दुखणं परवडलं म्हणतो. पुढच्या मार्चमध्ये भट्टीवर जाऊ का, असं त्याने विचारलं. हात डोक्यावर जातो, वजन उचलतो, तेवढ्यापुरतं उत्तर माझ्याकडे होतं. बाकीच्यासाठी कौन्सेलरची वेळ मी फिजिओच्याच दिवशी मागून घेतली, कारण वाळपईहून दोन वेगळ्या दिवशी यायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडते. वेळ मिळाली, पण त्यासाठी तीन टेबलं फिरावी लागली.

त्याच्या फाइलवर मी लाल पेनाने लिहून ठेवलंय: हँडरब नको, साबण-पाणी. लिहिलंय ॲलर्जीच्या रकान्यात, कारण फाइलमध्ये तेवढा एकच रकाना सगळे वाचतात. नव्या रेसिडेंटने परवा विचारलं, पुरळ कुठे येतं? मी म्हटलं, त्यालाच विचारा, आणि विचारायला जाण्याआधी हात धुवा.