अम्माजी, ओटीपी बोलिए

डिसेंबरात इंदूरला आले होते तेव्हाची गोष्ट. आईचा गुडघा दाखवायला एका खासगी हॉस्पिटलात गेलो. पर्चीच्या खिडकीवरच्या मुलानं आधार कार्ड मागितलं, थोडा वेळ टकटक केलं आणि मान वर न करता म्हणाला, "अम्माजी, ओटीपी बोलिए." आईनं चष्मा कपाळावर सारला, मोबाइल हातभर लांब धरला आणि सहाच्या सहा आकडे खणखणीत वाचून दाखवले. रांगेतल्या चौघांनीही ते ऐकले. "ये किसलिए?" मी विचारलं. "पर्ची के लिए." पर्ची झालीच, पण तिच्याबरोबर आईचं आभा खातंही, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खातंही उघडलं गेलं, चौदा आकडी नंबरासकट. ते कळलं घरी येऊन मेसेज वाचल्यावर. आभा घेणं ऐच्छिक आहे, हे खिडकीवर कोणी बोललं नाही.

आईला त्याचं काही वाटलं नाही. मी मात्र तणतणले, कारण हॅम्बुर्गला मी वर्षभर याच भानगडीत होते.

तिथे 2024 च्या अखेरीस माझ्या आरोग्य विम्याकडून पत्र आलं. तुमच्या आजारपणांची इलेक्ट्रॉनिक फाइल उघडत आहोत, नको असल्यास सहा आठवड्यांत कळवा. कळवलं नाही, तर उघडणार. 'मौनं संमतिलक्षणम्' हे आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यांपुरतं होतं, जर्मनांनी त्याचा कायदा केला! त्याआधी, 2021 पासून, ही फाइल मागणाऱ्यालाच मिळायची. पण मागणारे फारच थोडे निघाले, म्हणून नियम उलटा फिरवला. 15 जानेवारी 2025 ला हॅम्बुर्ग आणि आणखी दोन भागांत सुरुवात झाली, 29 एप्रिलपासून देशभर. सुमारे 7 कोटी लोकांच्या फाइली झाल्या. सुरुवात व्हायच्या तोंडावर, ख्रिसमसनंतरच्या आठवड्यात, हॅम्बुर्गलाच केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं आणि या फाइलींपर्यंत परका माणूस कसा पोचू शकतो, ते तिथल्या मंचावरून दाखवलं गेलं. ऑफिसात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

माझ्याही मनात आलं, सरळ नाही म्हणून मोकळं व्हावं. पण मला पेनिसिलिन चालत नाही. दर नव्या डॉक्टरला ते मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगताना माझ्या पोटात गोळा येतो. बेशुद्ध असले तर कोण सांगणार? तेवढ्यासाठी फाइल हवीच होती.

नको होती ती एकच गोष्ट. तिथल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात, दुपारी चारला अंधार पडायचा त्या दिवसांत, मी पार खचले होते. दीड वर्ष गोळ्या घेतल्या. इंदूरला फोनवर "थंडी फार आहे" एवढंच सांगत होते. आता हे वाचून इंदूरच्या रामबागेत चर्चा होईल, होऊ दे. सांगायचं मी ठरवलंय. पण दात साफ करायला खुर्चीत आडवी झाले असताना डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर ते वाचावं, हे मी ठरवलं नव्हतं.

तर मी अॅप उघडलं आणि त्या उपचारांचं पत्र लपवलं. झालं, असं वाटलं. दोन दिवसांनी सहज पाहते तर औषधांच्या यादीत गोळीचं नाव शाबूत. प्रिस्क्रिप्शन आता ऑनलाइनच जातात आणि यादी आपोआप भरते. गोळीचं नाव वाचलं की कुठल्याही डॉक्टरला रोग कळतो, मग पत्र लपवून काय उपयोग? एखादी नोंद एकाच डॉक्टरपासून लपवायचीही सोय नव्हती. लपवली की सगळ्यांपासून. नाहीतर त्या दवाखान्याला आख्खी फाइलच बंद करायची. विमा कार्ड यंत्रात घातलं की दवाखान्याला 90 दिवस फाइल दिसते, औषधाच्या दुकानाला तीन दिवस. यादी नको असेल तर त्याचा नकार वेगळा, विम्याच्या बिलांच्या नोंदी नकोत तर तो वेगळा, संशोधनासाठी द्यायची नसेल तर तिसरा. मी शेवटी दातांच्या दवाखान्याला फाइल बंद केली आणि संशोधनाला नकार कळवला. बाकी ठेवलं. पूर्ण फाइल पुसून घेतली असती, तरी डॉक्टरांच्या स्वतःच्या कपाटातली नोंद हलली नसती. ती त्यांना दहा वर्षं ठेवावीच लागते.

एवढं शिकून आलेली मी, आईचा मोबाइल घेऊन बसले. आभाची रचना मला खरं तर बरी वाटली. रिपोर्ट ज्या हॉस्पिटलात तयार झाला तिथेच राहतो, दुसऱ्याला पाहायचा असेल तर मोबाइलवर विचारणा येते, आणि कुठले रिपोर्ट, कुठल्या तारखांचे, कधीपर्यंत, हे आपण ठरवायचं. दिलेली परवानगी रद्दही करता येते. आपल्याकडच्या 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही लिहिलंय की संमती देणं जितकं सोपं, तितकंच काढून घेणं सोपं हवं. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, मुख्य तरतुदींना त्यापुढे दीड वर्षाची मुदत आहे. अॅपमध्ये आईनं मंजूर केलेली एक विचारणा सापडली, वर्षभराची, सगळ्या रिपोर्टांसाठी. "मी कुठे काय केलं? त्यानं हिरवं बटण दाब म्हटलं, मी दाबलं." रद्द केली.

"पण अगं, त्यांनी पाहून घेतलं असेल की एव्हाना," आई म्हणाली.

बरोबर होतं तिचं. जर्मनीतला कायदाही तेच म्हणतो: संमती काढून घ्या, पण त्याआधी जे झालं ते रीतसरच झालं. मी गप्प बसले आणि गराडू तळायला गेले.

तेवढ्यात मामा आला. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, पिशवीत आईच्या एमआरआयचे छापील कागद. हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या बसल्याच आईनं रिपोर्ट घरच्या ग्रुपवर टाकला होता. मामानं तो छापून दोन हाडांच्या डॉक्टरांना आणि एका वैद्याला दाखवूनही झाला होता. "ऑपरेशन नको म्हणतात तिघंही," म्हणत त्यानं जिरावनाची वाटी पुढे ओढली. आईनं मोबाइल काढला, मेसेज दाबून धरला. सगळ्यांकडून पुसायचा पर्याय केव्हाच गेला होता.

पिशवीत खाली आणखी एक पिवळटलेला कागद होता. आईचा पित्ताशयाचा रिपोर्ट, 2016 चा. आईनं हात पुढे केला. "हा दे इकडे."

"राहू दे गं ताई," मामा म्हणाला आणि कागद परत पिशवीत सरकवला. "लागतो कधीतरी."